बॉल पायथन महिनोन्‌महिने खातच नाही? तोंड उघडून भरवण्याआधी हे तपासा

घरातल्या कुत्र्याने दोन वेळा ताटलीकडे पाठ फिरवली की लगेच डॉक्टरांना फोन जातो. बॉल पायथन पाळणाऱ्यांच्या घरी मात्र वेगळाच प्रकार घडतो. साप एक आठवडा खात नाही, मग तीन आठवडे, मग दोन महिने. समोर धरलेला उंदीर हुंगतो, मान वळवतो आणि परत आपल्या बिळात जाऊन बसतो. आणि एवढं होऊनही दिसतो मात्र पहिल्यासारखाच गुबगुबीत! त्याला काहीच झालेलं नसतं, झोप उडालेली असते ती मालकाची. मग रात्री दोन वाजता मोबाइलवर उपायांची शोधाशोध सुरू होते आणि कुणीतरी हमखास सांगतं, "तोंड उघड आणि भरव."

उपाशी सापाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बहुतेकदा याच सल्ल्यामुळे.

हा साप आहे तरी कोण?

बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतून तो जगभर गेला. घाबरला की डोकं मध्ये लपवून अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून हे नाव. ब्रिटनमध्ये त्यालाच रॉयल पायथन म्हणतात. अजगर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसा हा अवाढव्य नसतो. मोठी मादी साधारण चार-पाच फुटांची आणि दोनेक किलोची, नर त्याहून लहान. बिनविषारी, शांत, सहसा न चावणारा. त्यामुळे अमेरिका, ब्रिटन, जर्मनीत पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये तो अगदी वरच्या क्रमांकावर आहे. तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरातही मुलांनी हट्ट करून आणलेला बॉल पायथन दिसला, तर नवल वाटू नये.

हा साप जगतोही भरपूर. नीट सांभाळला तर २०-३० वर्षं सहज. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने जुलै २०२० मध्ये सात अंडी घातली, तेव्हा तिचं वय किमान ६२ वर्षं होतं. गंमत म्हणजे त्याआधीची १५ हून जास्त वर्षं ती कोणत्याही नराच्या संपर्कात आलेली नव्हती.

भारतातली गोष्ट मात्र वेगळी आहे. नाग, धामण, आपल्याकडचा अजगर असे इथले साप वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी वन्यजीवांच्या व्यापारावरच्या 'साइटिस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव आहे. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांना सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले. 'एका मित्राकडून मिळाला' एवढी कहाणी त्याला पुरत नाही.

उपास त्याच्या अंगातच आहे

माणूस, कुत्रा, मांजर यांचं शरीर आतून गरम ठेवावं लागतं. खाल्लेल्या अन्नातला मोठा वाटा या भट्टीतच जळतो. सापाकडे ही भट्टीच नाही. त्याला ऊब बाहेरून मिळते, त्यामुळे बसून राहण्याचा खर्च फारच कमी. त्यातून बॉल पायथन म्हणजे दबा धरून बसणारा शिकारी. उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून तो शिकार जवळ येण्याची वाट बघतो. शिकार कधी येईल याचा नेम नाही, म्हणून शरीरही त्याच हिशेबाने बनलेलं.

अजगरांच्या पोटात जे घडतं ते तर थक्क करणारं आहे. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्यांचं आतडं चक्क आक्रसून जातं, पचनाचं काम जवळपास बंद होतं. शिकार गिळली की सगळं पुन्हा उभं राहतं. बर्मीज पायथन या मोठ्या अजगराचं हृदय जेवणानंतरच्या दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, असं २००५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे खाणं ही या प्राण्यांसाठी रोजची सवय नाही, ती मोठ्या खर्चाची मोहीम आहे. परिस्थिती बरी नसेल तर ते मोहीमच पुढे ढकलतात.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांना जवळपास सहा महिने अन्न दिलं गेलं नाही. काही सापांनी आपला शरीराचा खर्च ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला. उपाशी असताना त्यांची लांबी वाढत राहिली, हे त्याहून अजब.

याचा अर्थ न खाणाऱ्या सापाकडे दुर्लक्ष करावं असा नाही. त्याच्याकडे वेळ असतो, आणि तो वेळ घाबरण्यात न घालवता कारण शोधण्यात घालवायचा असतो. जिथे हा वेळ खरोखरच कमी असतो ते अपवाद पुढे येतीलच.

आधी टाकी तपासायची, मग साप

न खाण्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे चुकीचं तापमान. सापाच्या पोटात अन्न पचतं ते बाहेरच्या उबेवर. ऊब कमी पडली तर गिळलेला उंदीर पचण्याऐवजी आत कुजायला लागतो. सापाला हे कुणी शिकवावं लागत नाही, थंडी वाजत असेल तर तो तोंडच उघडत नाही.

बॉल पायथनच्या टाकीची एक बाजू गरम हवी, तिथला पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश सेल्सिअस. दुसरी बाजू त्यापेक्षा थंड, २५ ते २७ अंशांच्या आसपास. कधी ऊब घ्यायची आणि कधी सावलीत जायचं हे साप स्वतः ठरवतो, पण त्यासाठी दोन्ही बाजू उपलब्ध असाव्या लागतात. लंडन किंवा शिकागोच्या हिवाळ्यात घराचं हीटिंग रात्री कमी केलं जातं आणि टाकीही नकळत गारठते. नोव्हेंबरात अचानक जेवण बंद केलेल्या कितीतरी सापांचं कोडं इथेच सुटतं.

मोजायचं कशाने, हाही प्रश्न आहे. काचेला चिकटवायचा गोल काट्याचा स्वस्त तापमापक हवेचं तापमान दाखवतो, तेही अंदाजे. साप जिथे पोट टेकतो तिथलं तापमान कळायला वायरीच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल तापमापक लागतो. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावणं म्हणजे धोकाच. सापाला पोटाखालची जास्तीची उष्णता वेळेत जाणवत नाही आणि तो भाजतो. दुकानात मिळणारे गरम होणारे नकली दगड तर घेऊच नयेत.

हवेतला दमटपणा ५५ ते ६५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत थोडा जास्त. अंगाचं वेटोळं बुडेल एवढ्या भांड्यात रोज ताजं पाणी. आणि लपायच्या जागा दोन, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला. एकच असली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एक निवडावं लागतं. ही जागा प्रशस्त नको. साप आत वेटोळं घालून बसला की त्याची पाठ आणि कडा तिच्या भिंतींना लागल्या पाहिजेत. माणसाला अडचणीचं वाटतं ते बॉल पायथनला घर वाटतं.

याच कारणाने 'साप मोठा झाला म्हणून मोठी टाकी आणली आणि त्याने खाणं सोडलं' अशा तक्रारी ऐकू येतात. दोष टाकीच्या आकाराचा नसतो, मोकळ्या जागेचा असतो. चारी बाजूंनी काच आणि मध्ये उघडं मैदान असेल तर बिळात राहणारा प्राणी बावरणारच. तीन बाजूंना कागद लावला, आत फांद्या, नकली वेली, पालापाचोळा भरला की पुष्कळ साप आठवड्याभरात जेवायला लागतात.

नवं घर, आणि सारखे लागणारे हात

नवीन आणलेला साप पहिल्या दिवशीच हातात घेऊन फोटो काढायचा मोह कुणालाही होतो. त्याच्यासाठी मात्र वास, आवाज, तापमान सगळंच बदललेलं असतं. निदान एक आठवडा त्याला हात लावू नये, पाणी बदलण्यापुरतीच टाकी उघडावी. त्यानंतर पहिलं अन्न द्यावं. नाही खाल्लं तर पुन्हा आठवडाभर शांतता.

इथे एक चूक वारंवार होते. आज नाही खाल्लं म्हणून उद्या, उद्या नाही म्हणून परवा, असा उंदीर रोज नाचवला जातो. सापाच्या दृष्टीने मग तो उंदीर म्हणजे रोजचा त्रास. दोन प्रयत्नांमध्ये सात ते दहा दिवस जाऊ द्यावेत.

काही उपास ऋतूचे असतात

डोळे निळसर-दुधाळ झाले, अंगाचा रंग फिका पडला की साप कात टाकायच्या तयारीत आहे. या एक-दोन आठवड्यांत त्याला नीट दिसत नाही आणि बहुतेक साप जेवत नाहीत. कात टाकली की प्रश्न मिटतो.

प्रौढ नर हिवाळ्याच्या सुमारास मिलनाच्या हंगामात अन्नावरचं लक्षच काढून घेतात. मादीचा पत्ताही नसलेल्या खोलीत एकटा राहणारा नरसुद्धा तीन-चार महिने उपाशी बसतो आणि रात्रभर टाकीत फेऱ्या मारतो. पोटात अंडी असलेली मादी खात नाही. अंडी घातल्यावर जवळपास दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते, तेव्हाही बहुधा खात नाही. असा उपास वसंत ऋतूत आपोआप सुटतो. त्यावर औषध नाही आणि त्याची गरजही नाही.

ताटात काय आणि कसं

टाकी ठीक आहे, ऋतूही तो नाही, मग अन्नाकडे बघायचं. पाळलेल्या सापांना सहसा गोठवलेले उंदीर दिले जातात. ते आधी फ्रिजमध्ये मऊ होऊ द्यायचे आणि देण्यापूर्वी गरम पाण्यात ठेवायचे. मायक्रोवेव्ह अजिबात नको. बाहेरून कोमट आणि आतून गार असलेला उंदीर बॉल पायथन ओळखतो, कारण त्याच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खळग्या असतात. अंधारात त्याला 'दिसतो' तो शिकारीचा गरमपणा. म्हणून उंदराचं डोकं जिवंत उंदराइतकं, म्हणजे ३७-३८ अंशांपर्यंत गरम हवं. अंग कोरडं करून, लांब चिमट्यात धरून, संध्याकाळनंतर मंद उजेडात तो बिळाच्या तोंडापाशी हळूच हलवायचा. उंदीर थेट नाकावर आदळला तर साप शिकारी राहत नाही, घाबरून चेंडू होतो. दहा-पंधरा मिनिटं काही घडलं नाही तर उंदीर तिथेच ठेवून, दिवा बंद करून निघून जावं. कुणी बघत नसताना जेवणारे साप पुष्कळ असतात.

उंदीर किती मोठा? सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा, त्याहून मोठा नको. पिल्लांना दर आठवड्याला, प्रौढांना दोन ते चार आठवड्यांनी एकदा. अनेक 'रुसलेले' प्रौढ साप रुसलेले नसतातच. त्यांना आधी इतकं खाऊ घातलेलं असतं की आता भूकच नसते.

बॉल पायथन चोखंदळही आहे. पांढऱ्या उंदरांवर वाढलेला साप घुशीसारख्या मोठ्या उंदराला अन्न मानत नाही, आणि उलटही होतं. विक्रेत्याकडे तो काय खात होता हे विचारणं म्हणूनच महत्त्वाचं. आफ्रिकेत त्याच्या आहारात तिथले मऊ केसांचे उंदीर असतात, पिल्लं आणि लहान नर पक्षीही पकडतात. त्यामुळे वासाची युक्ती चालते. जर्बिल या वाळवंटी उंदराच्या पिंजऱ्यातला भुसा साध्या उंदराला चोळला तरी काही हट्टी साप लगेच झेप घेतात.

जिवंत उंदीर सोडणं हा मात्र वाईट मार्ग. भुकेला नसलेला साप आणि घाबरलेला उंदीर एका टाकीत रात्रभर राहिले तर सकाळी जखमी सापडतो तो साप. पाठीचं मांस कणाभर दिसेपर्यंत कुरतडलेले साप डॉक्टरांकडे येतात.

आणि दूध? नागपंचमीच्या चित्रांमुळे हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात येतोच. साप दूध पचवू शकत नाही. गारुड्याचा नाग दूध पितो कारण त्याला कित्येक दिवस पाणीच दिलेलं नसतं. उपाशी सापाला दूध, अंड्याचा बलक, चिकनचे तुकडे असलं काही देऊ नये.

खरा साक्षीदार वजनकाटा

डोळ्यांवर विश्वास ठेवला तर काळजी करणाऱ्याला साप रोज बारीक दिसतो आणि निष्काळजी माणसाला कधीच दिसत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा ही भांडणं मिटवतो. साप डब्यात ठेवून दर दोन आठवड्यांनी वजन करायचं आणि तारखेसह लिहून ठेवायचं.

समजा, एक प्रौढ नर ऑक्टोबरात १५०० ग्रॅम होता आणि तीन महिने न खाता जानेवारीत १४४० भरला. घट चार टक्के. पाणी पितोय, जीभ लवलवतेय, तर वसंताची वाट बघायला हरकत नाही. आता १५० ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांत १३० वर आलं. वीसच ग्रॅम गेले, पण ही घट १३ टक्के आहे. साधारण १० टक्क्यांची रेघ ओलांडली की सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जायचं. पाठीचा कणा धारेसारखा वर आला, कातडी सैल पडून तिच्या चुण्या दिसू लागल्या, तर वजनाची वहीसुद्धा बघत बसू नये.

काही लक्षणांत तर एक दिवसही थांबायचं नसतं. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, श्वासात शिट्टी किंवा घरघर, नाकातोंडाशी फेस ही फुप्फुसाच्या संसर्गाची खूण. हिरड्या लाल, सुजलेल्या, त्यावर पिवळट थर म्हणजे तोंडाचा संसर्ग. दुखऱ्या तोंडाने कुणीच जेवत नाही. खवल्यांच्या फटीत किंवा पाण्याच्या भांड्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके हलताना दिसले तर ते रक्त पिणारे माइट्स. खाल्लेलं पुन्हापुन्हा ओकणं, मान उगाच आकाशाकडे वळणं, उलटं पडल्यावर सरळ होता न येणं ही गंभीर आजारांची चिन्हं आहेत. अजगर आणि बोआ सापांमध्ये पसरणारा एक विषाणूजन्य आजार असाच सुरू होतो. त्यामुळे घरात आणखी साप असतील तर आजारी सापाला आधी वेगळ्या खोलीत हलवावं. डॉक्टरांकडे जाताना वजनाची वही, तापमानाचे आकडे आणि जमलं तर ताजी विष्ठा सोबत न्यावी. जंतांची तपासणी त्यातूनच होते.

जबरदस्तीने का भरवायचं नाही?

सापाची श्वासनलिका तोंडाच्या तळाशी, अगदी पुढे उघडते. घाईघाईत घुसवलेलं अन्न तिच्यावर दाबलं जातं. अन्ननलिका नाजूक असते आणि लहान दात तुटून हिरडीत संसर्ग होतो. एवढी झटापट करून पोटात गेलेला उंदीर पुष्कळदा तासाभरात बाहेर येतो आणि जाताना सापातलं पाणीही घेऊन जातो. शिवाय यापुढे चिमटा दिसला की साप पळणार, हे ठरलेलंच.

खूप काळ उपाशी राहिलेल्या सापाच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. आक्रसलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं तर रक्तातल्या पोटॅशियम, फॉस्फरससारख्या क्षारांची पातळी झपाट्याने घसरते आणि त्यातून मृत्यूही येऊ शकतो. म्हणून डॉक्टर आधी शरीरातलं पाणी भरून काढतात, मग नळीने पातळ अन्न अगदी थोड्या प्रमाणात देतात आणि ते हळूहळू वाढवतात. ते काम त्यांचंच.

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू हा यातला अवघड भाग. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे पहिला आठवडा-दीड आठवडा ते खात नाही, तोवर पोटातल्या बलकावर जगतं. त्यानंतर मात्र त्याच्याकडे प्रौढासारखा साठा नसतो. महिना-दीड महिना उलटूनही पहिला घास घेतला नसेल तर अनुभवी डॉक्टर किंवा पैदास करणारे लोक त्याच्या ओठांत छोट्या उंदराचं फक्त डोकं अडकवून देतात, गिळायचं काम पिल्लावरच सोडतात. ही पद्धत समोर बसून शिकावी लागते, व्हिडिओ बघून नाही.

वर दिलेले आकडे बॉल पायथनचे आहेत, ते दुसऱ्या सापाला जसेच्या तसे लावू नयेत. कॉर्न स्नेक सहसा खादाड असतो, त्याने हिवाळ्याबाहेर महिनाभर खाल्लं नाही तर बॉल पायथनपेक्षा लवकर कारण शोधावं. हॉगनोज साप निसर्गात बेडूक खातो, त्याला उंदराची ओळख बेडकाच्या वासानेच करून द्यावी लागते.

उपास सुटल्यावर

बऱ्याच दिवसांनी सापाने उंदीर गिळला की आनंदाच्या भरात लगेच दुसरा पुढे केला जातो. तसं करू नये. पहिलं जेवण नेहमीपेक्षा लहान असावं, निम्म्या आकाराचं असलं तरी चालेल. त्यानंतर किमान ४८ तास सापाला उचलायचं नाही आणि गरम बाजूचं तापमान घसरू द्यायचं नाही. हे जेवण पचून विष्ठा पडली की पुढचा उंदीर, तोही लहानच. जेवण ओकलं गेलं तर दोन आठवडे काहीच न देता फक्त पाणी आणि ऊब, आणि पुन्हा तसंच झालं तर डॉक्टर. सलग तीन-चार जेवणं अंगी लागली आणि काट्यावरचा आकडा वर सरकायला लागला, की मग नेहमीच्या आकाराचा उंदीर आणि नेहमीचं वेळापत्रक.